गप्पी विकत कोण घेतं?

मुलुंडच्या आमच्या चाळीत मासे पाळणारी बिऱ्हाडं बरीच होती, पण मासे विकत आणणारं बिऱ्हाड एखादंच. गप्पी ही विकत घ्यायची चीज आहे हे मुळात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पिंपातून गप्पी यायचे, वर्गातल्या कुणाच्या तरी बरणीतून यायचे, नाहीतर डासांच्या अळ्या खायला म्हणून महापालिकेची माणसं ज्या विहिरीत मासे सोडत तिथून बादलीत यायचे. हॉर्लिक्सची रिकामी बाटली, तळाला चार खडे, पाणवनस्पतीची एक काडी, की झालं मत्स्यालय. बाटली खिडकीत ठेवायची, कारण उन्हानं पाणी हिरवं होतं आणि हिरव्या पाण्यात पिल्लं अंग धरतात, असं शेजारचे काका सांगत. काकांचं बरोबर होतं. मे महिन्यात त्याच खिडकीत मासे शिजायचे, हे ते सांगत नसत.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. नराची एकदा गाठ पडली की त्याचं बीज ती पोटात साठवून ठेवते आणि पुढे नर नसतानाही महिन्या-महिन्याच्या अंतरानं वीत राहते. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकट्या आणलेल्या मादीला पिल्लं झाली की पोरं चकित व्हायची आणि मोठी माणसं विषय बदलायची. आई स्वतःचीच पिल्लं गिळते हे मात्र पहिल्याच दिवशी कळायचं. मग चहाची गाळणी पळवायची, पिल्लं उचलून दुसऱ्या बाटलीत टाकायची आणि गाळणी गुपचूप जागच्या जागी ठेवायची. ते उघडकीला आलं की घरात जे व्हायचं ते सांगायला नको. पिल्लं वाढली की वाटायची. ज्याच्याकडे वाटायला गप्पी नाहीत तो या धंद्यातला नवशिका, असा सरळ हिशेब होता.

काचेची मोठी टाकी असणं ही पुढची पायरी. तेव्हाची टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट, तीत काचवाल्यानं पुटीनं बसवलेल्या काचा. पुटी वाळली की टाकी गळायची, गळकी टाकी रिकामी केली की पुटी आणखी वाळायची. पुढे सिलिकॉन आलं आणि लोखंड गेलं. वर पत्र्याच्या झाकणात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, तो पत्रा ओल्या हाताला झिणझिण्या द्यायचा. आत प्लॅस्टिकचा पाणबुड्या, उघडझाप करणारी खजिन्याची पेटी, मागे निळ्या समुद्राचं पोस्टर. त्या पोस्टरपुढे पोहणारे ब्लॅक मोली, स्वोर्डटेल आणि एंजल हे तिन्ही अमेरिका खंडांतले आणि घरात महापालिकेच्या नळाच्या पाण्यावर राहणारे. आमच्या घरात समुद्राशी त्यांचा संबंध पोस्टरपुरताच.

त्यांना खायला काय घालायचं? आमच्याकडे जवळा. बाजारातून सुका जवळा आणायचा, तव्यावर जरासा परतायचा, निवला की पाट्यावर वाटायचा आणि ती गुलाबी पूड काडेपेटीत भरून टाकीवर ठेवायची. जवळा ही एवढीशी कोळंबीच. माशांना त्या पुडीनं रंग छान चढायचा, आणि त्यात कवचातल्या रंगद्रव्याचाच हात असतो हे मला फार उशिरा कळलं. शेजारच्या गुजराती घरात अर्थातच जवळा चालण्यासारखा नव्हता. त्यांचे मासे विकतच्या गोळ्या खात आणि आमच्यापेक्षा फिके दिसत. यावरून मी त्या घरातल्या मुलाला बरंच छळलं आहे.

जिवंत खाऊ हवा असेल तर कुर्ला. रविवारी सकाळी लवकर स्लो लोकल पकडायची, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर मागे टाकत कुर्ल्याला उतरायचं. माशांच्या बाजारात थर्माकोलचे खोके उघडत असत, कलकत्त्याचा माल, मद्रासचा माल असं विकणारे ओरडून सांगत. ऑक्सिजन भरून रबरबँडनं आवळलेल्या पिशव्या दोरीला टांगलेल्या. पैसे बेताचेच असायचे, त्यामुळे आम्ही मासे बघायचो आणि वर्म्स घ्यायचो. वर्म्स म्हणजे ट्यूबिफेक्स, गटाराच्या गाळात वाढणारे लाल, केसाएवढे किडे. घरी आणून ते मोरीत नळाखाली, बारीक धार सोडून, बशीत ठेवावे लागत, म्हणजे सगळे मिळून एक लाल गोळा होऊन वळवळत राहत. आमच्या आईनं आयुष्यात फार कमी गोष्टींना ठाम नकार दिला. त्यातली ही एक. परतीच्या लोकलमध्ये माशांची पिशवी असेल तर ती हात वर करून डोक्यावर धरायची, आणि गर्दी कितीही असली तरी लोक तिला जपत. घाटकोपरला लोंढा आत शिरला की कुणीतरी ओरडायचंच, "अरे, पोराच्या हातात मासे आहेत!"

समुद्रातला जीव घरात पाळता येतो असं मात्र त्या काळी कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. समुद्रातले मासे बघायला तारापोरवाला मत्स्यालय होतं. 1951 साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली मरीन ड्राइव्हवरची ती इमारत, शाळेची सहल, काळोख्या दालनातली उजळलेली टाक्यांची रांग. शेवंड मी पहिल्यांदा जिवंत पाहिला तो तिथे. ते पाणी समोरच्या समुद्राचं असतं, असं मास्तरांनी सांगितलं होतं, आणि तेवढ्या कारणानं ते आमच्या नळाला जमणार नाही हे ठरून गेलं.

अंधेरीला चार बंगल्यात वडिलांचे एक सहकारी राहत. त्यांनी तो खटाटोप केला होता. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून रॉकेलच्या धुतलेल्या कॅनमध्ये पाणी आणायचं, फडक्यातून गाळायचं, आठवडाभर अंधारात निवळत ठेवायचं. खाडीतल्या खडकांतून धरलेले छोटे खेकडे आणि काटेरी मासे त्यात काही दिवस राहत. पावसाळा लागला की सगळं बसायचं. मुंबईचा किनारा तसाही गाळाचा, त्यात नद्यानाल्यांचं पाणी समुद्रात उतरलं की खारटपणाच उतरतो, आणि समुद्री जिवाला खारटपणातला असा चढउतार सोसत नाही. गंमत अशी की त्यांच्या घरापासून जवळच, वर्सोव्यात, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून उभी होती. मासे, कोळंबी, खारं पाणी यांवर देशभरातून आलेले लोक तिथे शिकत होते. आम्ही त्या रस्त्यानं कैकदा गेलो असू, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घेत. आत जाऊन कुणाला काही विचारावं असं कधी सुचलं नाही. तेव्हा सरकारी फाटकाच्या आत काम असल्याशिवाय कुणी जात नसे.

मधल्या काळाबद्दल माझ्याकडे फारसं प्रेमानं सांगण्यासारखं नाही. नव्वदीनंतर मासे शोभेचे झाले, मग शकुनाचे झाले. फेंगशुईचे आठ लाल आणि एक काळा गोल्डफिश, वास्तुवाल्यांची ईशान्य दिशा, डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न आणि त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांत शुभ आकडे शोधणारे दुकानदार. 2003 साली 'फाइंडिंग निमो' आला आणि नारिंगी-पांढरा क्लाउनफिश हवा म्हणून पोरं हटून बसली. त्या सिनेमात जाक नावाची एक क्लीनर कोळंबीही आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नियमांचं सांगायचं तर 2001 मध्येच दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले होते. पुढे 2017 साली केंद्रानं मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि ते मागेही घेतले गेले. त्या काळातली एकच आठवण मी जपली आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांत दिवस-दिवस वीज नव्हती, तेव्हा आमच्या इमारतीतला एक गृहस्थ रात्रभर टाकीतलं पाणी मगानं उचलून उंचावरून परत टाकीतच ओतत बसला होता. त्याचे मासे वाचले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

आता बोरिवलीला या. माझा भाचा तिथे चौदाव्या मजल्यावर राहतो आणि समुद्री कोळंबी पाळतो. पाळतो म्हणण्यापेक्षा तिचं बाळंतपण करतो म्हणणं बरोबर होईल.

त्याच्या दिवाणखान्यातली टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. तीत साडेचारशे लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेचारशे किलो, शिवाय खडक, काच आणि स्टँडचं वजन वेगळं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी याचा हिशेब करून पत्र दिलं होतं. भाच्यानं इंजिनिअरचं पत्र जोडून उत्तर दिलं, प्रकरण मिटलं. समुद्रावरून पाणी आणण्याची आता गरज नाही. नळाचं पाणी आरओ-डीआय या गाळणयंत्रातून पार कोरं करून घ्यायचं आणि लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबानं परदेशी बनावटीचं समुद्री मीठ त्यात विरघळवायचं. ही टाकी एकदा भरायला पंधरा-सोळा किलो मीठ लागतं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 आलं की पाणी तयार. खाली कपाटात संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, त्यात फेस काढणारा स्किमर, भिंतीला टेकून चिलर, कारण मुंबईच्या मे महिन्यात प्रवाळाच्या टाकीला सव्वीस अंशांवर ठेवायचं तर फ्रीजसारखं यंत्र लागतंच. वीज गेली तर इन्व्हर्टर. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यानं त्याची बायको लादी पुसते आणि तेवढ्यावरच तिचा या छंदाशी समेट झाला आहे.

या टाकीत क्लीनर कोळंबीची जोडी आहे. शास्त्रीय नाव लिस्माता अँबोइनेन्सिस. पाठीवर लालभडक पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ, आणि पांढऱ्या मिशा इतक्या लांब की आधी मिशा दिसतात, मग कोळंबी. प्रवाळांच्या समुद्रात ती ठरलेल्या जागी मिशा हलवत उभी राहते, मासे येऊन थांबतात आणि ती त्यांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी टिपते. मोठा मासा तोंड उघडतो, ती आत जाऊन दात कोरून बाहेर येते. भाचा मला म्हणाला, "मामा, हात धुऊन आत घाल." घातला. थोडा वेळ ती लांबून बघत राहिली, मग आली आणि माझ्या नखांच्या कडेची चामडी चिमट्यांनी अगदी मन लावून कुरतडू लागली. गुदगुल्या होतात. जिला वाटून आम्ही माशांना खायला घातलं तिच्याच नात्यातल्या एका बाईनं माझं मॅनिक्युअर केलं, आणि ही बाई जोडीनं आणायची तर दुकानात हजारो रुपये मोजावे लागतात.

बाई म्हटलं खरं, पण तिथेही गोंधळ आहे. या जातीची कोळंबी तरुणपणी नर असते. मोठी झाली की मादीही होते, म्हणजे नरपण न सोडता दोन्ही होते. स्वतःचं स्वतः जमत नाही, जोडीदार लागतोच, पण कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्या एकत्र ठेवल्या की काम भागतं. एकीनं कात टाकली की पुढच्या काही तासांत ती मादी म्हणून तयार असते, दुसरी नर होते. पुढच्या वेळी उलट. टाकलेली कात मिशांसकट सबंध, पारदर्शक, हुबेहूब कोळंबीसारखी टाकीत तरंगत राहते आणि नवशिक्या पालकाला वाटतं, मेली! भाच्याच्या सासूबाईंनी तशीच एक कात पाहून त्याला ऑफिसमध्ये फोन केला होता.

पोटाखालच्या पायांत अंडी धरून ती साधारण पंधरवडाभर वागवते. सुरुवातीला अंड्यांचा घोस हिरवट असतो. दिवस भरत आले की तो पारदर्शक होतो आणि भिंगातून प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळे दिसतात. मुंबईत ज्या ज्या घरी क्लीनरची जोडी आहे, तिथे हे सतत चालू असतं. मालकाला बऱ्याचदा पत्ताच नसतो. रात्री दिवे गेल्यावर शेकडो पिल्लं सुटतात आणि सकाळपर्यंत काही माशांच्या पोटात, बाकीची पंपात जातात.

भाच्याकडे मी एका अशा रात्री होतो. संध्याकाळपासून ती कोळंबी एका खडकाखाली पोटाचे पाय पंख्यासारखे हलवत होती. जेवणं उरकली, त्यानं पंप बंद केले. "मामा, लाइट घालव सगळे, मोबाइलसुद्धा." खोली काळोखी. थोड्या वेळानं त्यानं टाकीच्या एका कोपऱ्याला बारीक टॉर्च टेकवला. आधी काही दिसेना. मग त्या उजेडाच्या गोळ्यात धूळ हलावी तसं काहीतरी जमू लागलं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक कणाला दोन काळे डोळे. लांबी दोन-तीन मिलिमीटर, अंग काचेसारखं, मधे एखादा तांबूस ठिपका, आणि सगळी डोकं खाली, शेपूट वर करून पोहणारी. उजेडाकडे येण्याची त्यांना ओढ असते, समुद्रात हीच ओढ त्यांना वरच्या थरात नेते. भाच्यानं एअरपंपाची बारीक नळी लावून ती हळूहळू बादलीत ओढून घेतली. जाळी वापरायची नाही, पाय मोडतात. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "झाली का सगळी?" आणि त्यानं तिकडे न बघताच सांगितलं, "होतायत अजून."

खरी परीक्षा इथून पुढे. गप्पीचं पिल्लू जन्मतःच छोटा गप्पी असतं. कोळंबीचं पिल्लू कोळंबी नसतं, ते तरंगणारं दुसरंच काहीतरी असतं, कात टाकत टाकत रूपं बदलतं आणि शेवटी एके दिवशी तळाला बसून कोळंबी होतं. पेपरमिंट नावाच्या तिच्या चुलत बहिणीत हा प्रवास महिना-सव्वा महिन्यात उरकतो. क्लीनरमध्ये साडेतीन-चार महिने, कधी जास्तच. समुद्रात या काळात पिल्लं प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातात. बोरिवलीत त्यांना वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये दिवस काढावे लागतात. जारचा तळ कापून तो उलटा टांगायचा आणि निमुळत्या तोंडातून हवेचा एकेक बुडबुडा सोडायचा, म्हणजे पाणी गोल फिरत राहतं आणि पिल्लं ना तळाला बसतात, ना भिंतीला घासतात. वाढत्या पिल्लांना टोकाला वल्ह्यासारखा पसरट झालेला लांब पाय फुटतो. तो एकमेकांत अडकतो आणि तुटतो.

खायला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवाची जिवंत पिल्लं. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येणारी त्याची सुकी अंडी डब्यात महिनोन्‌महिने निपचित असतात, खाऱ्या पाण्यात पडली की आपल्याकडच्या उष्म्यात दिवसभरात फुटतात. त्यासाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून उलट्या टांगलेल्या. नारिंगी पिल्लं उजेडाला खाली जमतात, टरफलं वर तरंगतात, ती मिसळू द्यायची नाहीत. रोज नवी बाटली लावायची, रोज तळाचा कचरा ओढायचा, तेवढंच नवं पाणी घालायचं. एप्रिल कर्केंडॉल या अमेरिकन बाईंनी पेपरमिंट कोळंबी घरी वाढवण्यावर एक सबंध पुस्तक लिहिलं आहे आणि ते भाच्यानं पोथीसारखं वाचलं आहे.

या रोजच्या व्यापामुळे गेल्या वर्षी तो गणपतीला गावी आला नाही. पिल्लं नेमकी रूप बदलायच्या बेतात होती. आमच्या वेळी मे महिन्यात गावी निघताना बाटली शेजारच्यांच्या खिडकीत ठेवली जायची आणि "दिवसाला एक चिमूट" एवढंच सांगावं लागे. आता शेजाऱ्याच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर कोण देणार? गावच्या घरी यावरून बरंच बोलणं झालं. मी दोन्ही बाजूंना मान डोलावली.

धुराच्या गाडीची तऱ्हाही पार उलटी झाली. मुलुंडला संध्याकाळी डासांसाठी धूर मारणारी माणसं आली की आम्ही त्या पांढऱ्या ढगात शिरून धावायचो. भाचा तो आवाज ऐकला की खिडक्या बंद करतो, एअरपंपाचं तोंड ओल्या फडक्यानं झाकतो. डास मारणाऱ्या औषधांत पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात आणि कोळंबी ही डासाची लांबची भावकीच असल्यानं तिला त्यांचा अंशही पुरतो. भिंतीला लावायची बाटलीसुद्धा त्याच्या घरात वर्ज्य. तांब्याचंही तसंच. माशांना पांढरे ठिपके आले की जुनी माणसं मोरचूद वापरत आणि मासे बरे होत. कोळंबीच्या टाकीत मोरचुदाचा कण गेला तर सकाळी ती आडवी. तिच्या स्वतःच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरीही.

इतकं करून हाती काय लागतं? क्लीनरच्या बाबतीत आजवर काही नाही. पेपरमिंटची मूठभर पिल्लं मात्र त्यानं तळाला बसवली आहेत, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या कोळंब्या त्यानं अंधेरी, घाटकोपरच्या ओळखीच्या टाक्यांत पोचवल्या. पैसे घेतले नाहीत. मला त्यात आमची चाळ दिसली आणि बरं वाटलं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. जुन्या दिवसांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट गाळतो. आमचे मासे मरायचे, भराभर मरायचे. टाकी धुवायची म्हणजे सगळं पाणी ओतून, खडे साबणानं घासून, नळाचं क्लोरीनवालं पाणी भरायचं. पाण्यात जिवाणू रुजावे लागतात, ते अमोनिया पचवतात, तेव्हा मासा जगतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गप्पी टिकला तो आमच्या गुणानं नाही, स्वतःच्या चिवटपणानं. भाच्याची पिढी प्रत्येक मेलेल्या पिल्लाचं कारण शोधते आणि ते मला आमच्या वेळेपेक्षा नक्कीच बरं वाटतं.

पण गप्पीच्या त्या बरणीत एक गोष्ट होती जी आजच्या लाखभर रुपयांच्या टाकीत बहुधा नसते. त्या बरणीतला प्रत्येक मासा कुणाच्या तरी घरी जन्मलेला होता. गोड्या पाण्यात ती चाल आजही आहे. चेरी कोळंबी हा आजचा गप्पी. तिला तरंगत्या पिल्लांची भानगड नाही, अंड्यातून थेट कणाएवढी कोळंबी निघते, खिडकीतल्या बरणीत ती डझनांनी वाढते आणि डब्यातून शेजारी जाते. समुद्री टाकीत मात्र दुकानातली बहुतेक कोळंबी अजून प्रवाळातून पकडलेली असते. तिथून खोक्यात, विमानात, दुकानात आणि मग आपल्याकडे. वाटेत किती गेल्या ते पिशवीवर लिहिलेलं नसतं.

हे बदलण्याचं काम आपल्याकडेही सुरू झालेलं आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं शोभेच्या समुद्री कोळंब्यांचं केंद्र उभारलं. शेपटी वर करून नाचणाऱ्या नखाएवढ्या थॉर कोळंबीसारख्या जाती तिथे बंदिस्त पाण्यात वाढवून बेटावरच्या बायकांच्या हाती दिल्या गेल्या. इतक्या लांबही जायला नको. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोली. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन कक्षानं याच ब्युरोच्या मदतीनं क्लाउनफिशची हॅचरी उभी केली. लोक तिथे फ्लेमिंगो बघायला जातात. तारापोरवाला करोनाच्या टाळेबंदीत बंद झाल्यापासून मुलांना मासे कुठे दाखवायचे हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी या केंद्राची वाट धरायला हरकत नाही.

तेव्हा समुद्री टाकी मांडायचा विचार असेल तर सुरुवात पेपरमिंटपासून करा, क्लीनरपासून नको. ती स्वस्त आहे, चिवट आहे आणि तिचं बालपण आपल्या रजेच्या हिशेबात बसतं. घरी आधीच क्लीनरची जोडी असेल तर एखाद्या रात्री पंप बंद करून कोपऱ्याला टॉर्च लावून बघा, काय वाया जातंय ते कळेल. आणि दुकानात पैसे मोजण्याआधी एवढं विचारा, की ही समुद्रातून धरलेली आहे का हॅचरीत वाढलेली. दुकानदाराला सांगता येत नसेल तर ती जोडी तिथेच राहू द्या.